चार पत्त्यांची बाई

मी ज्या संस्थेत काम करते तिथे पुस्तकं आवाजात उतरवली जातात. ज्यांना दिसत नाही, किंवा दिसतं पण अक्षरं डोळ्यांसमोर ठरत नाहीत, अशांसाठी माणसं आपापल्या घरी बसून पुस्तकं वाचतात, तो आवाज आमच्या संकेतस्थळावर चढवतात, आणि कुठून कुठून लोक तो ऐकतात. वाचणाऱ्यांना पैसे मिळत नाहीत. मला मिळतात, कारण मी मदतीच्या टपालाला उत्तरं देते. पासवर्ड विसरला, आवाज फाटतोय, तिसरा भाग कुठे गेला, अशा पत्रांचा रोजचा रतीब असतो. त्यात एका सकाळी हे पत्र आलं.

"मी तुमच्याकडे वाचते. माझी तुमच्याकडे चार खाती आहेत. चारही माझीच आहेत. पहिल्या खात्यावरच्या एका पुस्तकात एक पान वाचायचं राहिलं आहे, ते मला भरायचं आहे. मागे दोनदा लिहिलं होतं. उत्तर आलं की नोंदणी केलेल्या पत्त्यावरूनच लिहावे. तो पत्ता आता जगात नाही. तरी कुठून लिहू ते कळवावे."

मला आधी हसू आलं. ते उत्तर कुणा माणसाने दिलेलं नव्हतं, ते आपोआप जाणारं उत्तर होतं, आणि ती बाई बिचारी त्याच्याशी अदबीने बोलत होती. मग पत्राखाली तिने दिलेले चार पत्ते मी शोधून पाहिले, आणि हसू विरलं.

आमच्या जुन्या संकेतस्थळावर वाचकाला वेगळं नावच नव्हतं. ईमेल पत्त्यात त्या गोल चिन्हाच्या आधी जे असेल तेच नाव म्हणून झळकायचं, आणि त्याखाली अख्खा पत्ता, सगळ्या जगाला दिसेल असा. पहिल्या खात्याचं नाव होतं 'स्विचबोर्ड'. दुसऱ्याचं 'आम्ही-दोघं'. तिसरं म्हणजे कुणीतरी डोळे मिटून बोटं आपटल्यासारखी अक्षरं होती. चौथं 'आजी-वाचते'. ही चारही नावं मला पाठ होती. आमच्याकडे सर्वांत जास्त ऐकल्या जाणाऱ्या वाचकांत ती होती. श्रोत्यांची आपसांत भांडणं व्हायची. कुणी म्हणे स्विचबोर्डसारखं कुणी वाचलं नाही, कुणी म्हणे 'आम्ही-दोघं'च्या आवाजात झोप लागते, तिसरीचं नाव उच्चारता येत नाही म्हणून तिला 'अगम्य' म्हणत, पण तिच्या वाचनावर जीव टाकत. आजीचा आवाज घोगरा होता. तिचे चाहते थोडे, पण हट्टी.

या चौघी एकच बाई असेल, असं आमच्यापैकी कुणाच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

मी पत्र घेऊन जोडारीकडे गेले. संकेतस्थळ बांधणाऱ्या आमच्या सहकाऱ्याला आम्ही जोडारी म्हणतो. दुसऱ्याने अर्धवट टाकलेलं काम सांधत बसण्यात त्याचा जन्म गेलाय. त्याने पत्र दोनदा वाचलं.

"ज्याने हे मूळ बांधलं," तो म्हणाला, "त्याला वाटलं पत्ता म्हणजेच माणूस. पत्ता बदलला की माणूस संपला. नवा पत्ता म्हणजे नवा जन्म."

"मग जोडून टाक ना चारही."

"कशावरून तिचे आहेत? उद्या कुणीही येऊन म्हणेल, तो गोड आवाज माझा. ताई, चौघींचं काम एकीच्या पदरात टाकायचं आणि त्यातल्या तिघी दुसऱ्याच निघाल्या तर? एकच नियम आहे. मी प्रत्येक पत्त्यावर चिठ्ठी पाठवणार. चिठ्ठीतली कळ जो दाबेल, त्याचा तो पत्ता."

नियम रास्त होता. घोडं पुढे अडायचं होतं.

बाईंना मी फोन केला. पलीकडून घोगरा आवाज आला, पण बोलणं कसं होतं सांगू, प्रत्येक शब्द सुटा, स्वच्छ, जणू ताटात एकेक ठेवलेला. मी एक प्रश्न विचारायचे आणि त्या उत्तर देऊन थांबायच्या, माझं ऐकून झालं असेल याची खात्री होईपर्यंत. त्या फोनवर आणि पुढच्या भेटींत मिळून त्यांचं आयुष्य मला कळलं, ते असं.

बाई एका मोठ्या हॉटेलात टेलिफोन ऑपरेटर होत्या. तळघरातली खोली, खिडकी नाही, समोर दिव्यांची पाटी, कानाला यंत्र. "इतकी वर्षं तिथे काढली," त्या म्हणाल्या, "आणि पाहुण्यांपैकी एकानेही माझं तोंड पाहिलं नाही. आवाज मात्र सगळ्यांना ओळखीचा." त्याच हॉटेलात लिफ्टची देखभाल करणारा एक तरुण होता. लिफ्टमध्ये कुणी अडकलं तर बोलायला आत फोन असतो. तो चालतो की नाही हे त्याला अधूनमधून तपासावं लागे. तो आतून विचारायचा, "ऐकू येतंय का?" बाई म्हणायच्या, "येतंय." पुढे पुढे तो फोन जरा जास्तच तपासला जाऊ लागला. शेवटी एकदा त्याने विचारलं, "ऐकू येतंय का?" बाई म्हणाल्या, "केव्हापासून येतंय. आता पुढचं बोला." लग्न झालं.

दुपारी जेवणं उरकली की हॉटेल पेंगायचं आणि पाटीवरचे दिवे विझायचे. पाहुण्यांनी मागे टाकलेल्या पुस्तकांचं एक कपाट होतं. आमच्या संस्थेची जाहिरात बाईंनी वर्तमानपत्रात पाहिली, व्यवस्थापकाला विचारलं, त्याने स्विचबोर्डचा ईमेल पत्ता वापरायला दिला. चाचणीसाठी एक पान वाचून पाठवलं, पास झाल्या. पहिलं पुस्तक घेतलं ते मुलांचं होतं, एका बेटावर एकट्याने दीपगृह सांभाळणाऱ्या माणसाचं.

मग हॉटेल विकलं गेलं. इमारतीत कचेऱ्या आल्या, स्विचबोर्ड भंगारात गेला आणि त्याच्या मागोमाग पत्ताही. बाई आमच्या संकेतस्थळावर आत जायला गेल्या, तर ओळख पटवायला पत्त्यावर आकडा पाठवलाय म्हणाले, तो आकडा बंद पडलेल्या पेटीत. आम्हाला लिहिलं असतं तर कुणी ऐकलं असतं का, देव जाणे. त्यांनी मुकाट्याने नवं खातं उघडलं, नवशिक्यांच्या रांगेत उभ्या राहिल्या, पुन्हा चाचणी दिली, पुन्हा पास झाल्या. या वेळी पत्ता घरचा होता. नवऱ्याने हौसेने नाव ठेवलं होतं, 'आम्ही-दोघं'.

तो पत्ता प्रत्येक पुस्तकाखाली उघडा पडला होता. श्रोत्यांची पत्रं येऊ लागली. नवरा जेवताना वाचून दाखवायचा. पण त्यात एक माणूस निघाला. आधी स्तुती, मग कुठे राहता, मग भेटू या, मग तुमचा आवाज फक्त माझ्यासाठी आहे असं मला वाटतं. रोज एक पत्र. बाईंची झोप उडाली. पत्ता लपवायची सोय आमच्याकडे नव्हती. भीक नको पण कुत्रा आवर अशी गत झाली. त्या नवऱ्याला म्हणाल्या, "त्या पत्त्यावर यापुढे काय येतं ते मला सांगूच नका. चांगलंही नको, वाईटही नको." नवरा म्हणाला, "बरं."

वाचन सोडणं त्यांना जमेना. मुलीने त्यांना तिसरा पत्ता काढून दिला, कुणाच्या जिभेवर बसणार नाही असा. पुन्हा नवं खातं, पुन्हा चाचणी. तो पत्ताही दिसतच होता, म्हणून त्यांनी ती पेटी कधी उघडलीच नाही. न उघडलेली पेटी काही काळाने त्या कंपनीने बंद करून टाकली. त्या पेटीत कोणाकोणाची पत्रं होती, हे आता कुणालाच कळायचं नाही.

पुढे घसा धरला. स्वरयंत्रावर गाठ निघाली, शस्त्रक्रिया झाली. कितीतरी दिवस बोलायला बंदी. त्या काळात नवरा दोघांच्या वाटचं बोलायचा, स्वतःच विचारायचा आणि बाईंच्या आवाजात स्वतःच उत्तर द्यायचा. आवाज परतला तो कोरडा, वाळूवरून पेटी ओढल्यासारखा. तो तसाच राहिला. वर्षाच्या आतच नवरा गेला, खुर्चीत बसल्या बसल्या.

बाईंनी पुस्तक बाजूला ठेवलं. कितीतरी दिवसांनी नातीने हट्ट केला म्हणून जुन्या पुस्तकांच्या दुकानातून ते दीपगृहाचं पुस्तक आणलं आणि वाचून दाखवायला बसल्या. मध्येच थांबल्या. हे पान आपण कधी वाचलेलंच नाही. हॉटेलातल्या प्रतीत दोन पानं चिकटलेली असणार. तेवढं पान भरायचं, या एका विचाराने त्या पुन्हा आमच्या दाराशी आल्या. जुन्या दोन दारांच्या किल्ल्या हरवलेल्या, तिसरी हातात घेववत नव्हती, म्हणून चौथं खातं उघडलं, चौथ्यांदा चाचणी दिली, आणि या वेळी नापास झाल्या. शेरा आला, "आवाज बसलेला आहे. बरा झाल्यावर पुन्हा पाठवावे."

"तो काही बरा होण्यातला नव्हता," बाई मला शांतपणे म्हणाल्या. "शाळेत कधी नापास झाले नाही, ती इथे झाले. मग सावकाश वाचायची सवय केली. वाक्याच्या शेवटी आवाज तुटायचा, तो कुठे तुटू द्यायचा ते शिकले. पुन्हा पाठवलं. घेतलं त्यांनी."

हा शेरा देणारा माणूस आमच्याच कचेरीत, माझ्यापासून तीन खुर्च्या सोडून बसतो. त्याला आम्ही कानसेन म्हणतो. जन्मापासून दृष्टी नाही. येणारं प्रत्येक ध्वनिमुद्रण तो ऐकून तपासतो, आणि पंखा चालू असताना कुणी वाचलं असेल तर पंख्याला तेल घाला म्हणून कळवतो. लहानपणी तो याच संस्थेची पुस्तकं ऐकून वाढला. त्याची सर्वांत लाडकी वाचक होती स्विचबोर्ड. ती अचानक नाहीशी झाली तेव्हा तो शाळेत होता. घरी त्याला समजावलं होतं की ती बाई वारली असेल. तो चार दिवस जेवला नव्हता, असं त्याची आई आजही सांगते.

बाई मुलीला घेऊन कचेरीत आल्या, तेव्हा आम्ही कानसेनला काही बोललो नाही. जोडारीचं म्हणणं पडलं की साक्षीदाराचं मन आधीच तयार करू नये.

चौथ्या पत्त्याचं काम चुटकीसरशी झालं. चिठ्ठी आली, बाईंनी फोनवरच कळ दाबली. मग दुसरा पत्ता. 'आम्ही-दोघं' अजून जिवंत होता, पण नवरा गेल्यापासून बाईंनी तो उघडला नव्हता.

"नाही उघडला तरी चालेल," मी म्हणाले. "बघू काहीतरी."

"नाही," बाई म्हणाल्या. "नियम तो नियम. आणि केव्हातरी उघडायचाच आहे."

त्यांनी पासवर्ड न आठवता टाइप केला, बोटांनाच पाठ होता. पेटी उघडली. जोडारीची चिठ्ठी सगळ्यात वर होती. तिच्या खाली न वाचलेल्या पत्रांची रांग लागलेली, सरकवत गेलं तरी संपेना. जाहिराती होत्या, विजेची बिलं होती, पण मधून मधून, सारखी, वेगवेगळ्या लोकांची पत्रं होती. संकेतस्थळावर तो पत्ता अजून त्या पुस्तकांखाली होताच की. बाईंनी तिकडे पाठ फिरवली म्हणून लोकांनी फिरवली नव्हती.

मुलीने एक पत्र उघडलं आणि वाचता वाचता थांबली.

"आई, हे तुला नाहीये. बाबांना आहे."

पत्रात लिहिलं होतं, "लिफ्टवाले काका, पुष्कळ दिवसांत तुमचं उत्तर नाही. बरे आहात ना?"

पुढचंही तसंच, त्याच्या पुढचंही. मग मुलीने पाठवलेल्या पत्रांचा कप्पा उघडला, आणि आम्ही सगळेच खुर्च्या ओढून जवळ बसलो. बाईंनी 'सांगू नका' म्हटलं त्या दिवसापासून शेवटपर्यंत नवऱ्याने एकाही श्रोत्याचं पत्र अनुत्तरित ठेवलं नव्हतं. प्रत्येक उत्तराची सुरुवात एकच होती. "मी त्यांचा नवरा. लिफ्ट दुरुस्त करतो. त्या पत्रं वाचत नाहीत, त्याला कारण आहे, पण वाचन थांबलेलं नाही, हे तुम्हाला सांगतो." त्या पिच्छा पुरवणाऱ्या माणसालाही एक उत्तर होतं. "इथे फक्त मी असतो. तुम्हाला बोलायचंच असेल तर लिफ्टविषयी बोलू." त्याने पुन्हा लिहिलेलं दिसलं नाही.

इतकी वर्षं एका छपराखाली राहून त्या माणसाने बायकोला ताकास तूर लागू दिली नव्हती. दिलेला शब्द पाळला होता, आणि तिच्या श्रोत्यांनाही सांभाळलं होतं. कुणाला परीक्षेसाठी धीर दिला होता, दृष्टी नसलेल्या एका मुलीला एकटीने लिफ्टमध्ये जायची भीती वाटायची, तिला आत नेमकं काय काय असतं, कुठलं बटण कुठे, हे सविस्तर लिहून कळवलं होतं. त्या मुलीचं पुढचं पत्र होतं, "आज नवव्या मजल्यावर एकटी गेले."

बाई पडद्याकडे पाहत राहिल्या. रडल्या नाहीत. म्हणाल्या, "मला वाटायचं, संध्याकाळी हे हिशेबाचं काही करत बसतात." मग हात पुढे करून चिठ्ठीतली कळ दाबली. जोडारीने आपल्या पडद्यावर पाहून नुसती मान डोलावली.

पहिला आणि तिसरा पत्ता उरले. दोन्ही मेलेले. चिठ्ठी पाठवायची कुणाला? त्यातून जोडारीने स्विचबोर्डच्या पत्त्याची चौकशी केली आणि मला हाक मारली. बंद पडलेल्या हॉटेलचं इंटरनेटवरचं नाव कुणा फर्निचर विकणाऱ्याने विकत घेतलं होतं. म्हणजे त्या पत्त्यावर पाठवलेलं पत्र आता त्याच्या दुकानात पडणार. त्याच्या मनात आलं असतं तर 'पासवर्ड विसरलो' म्हणून तो बाईंच्या खात्यात शिरला असता आणि सगळी पुस्तकं एका बटणात पुसून मोकळा झाला असता. त्याला याचा पत्ताच नव्हता म्हणून वाचलो. जोडारीने आधी ते दार बंद केलं आणि मग पाणी प्यायलं.

"आता कानसेन," तो म्हणाला.

दोन दिवसांनी बाई परत आल्या. कानसेनला एवढंच सांगितलं की एक वाचक आल्या आहेत, ऐकून सांग या कोण. ध्वनिमुद्रणाच्या खोलीत बाईंसमोर दीपगृहाचं पुस्तक ठेवलं, मधलाच भाग उघडून. बाहेर कानसेन कानाला यंत्र लावून बसला.

बाई वाचू लागल्या. पहिल्या ओळीला तो म्हणाला, "या आपल्या आजी. घोगरा आवाज, ओळखतो मी. त्यात काय?"

"ऐक पुढे," जोडारी म्हणाला.

दुसऱ्या परिच्छेदाला कानसेनने मान वाकडी केली. तिसऱ्याला त्याचे ओठ हलायला लागले. तो भाग त्याला पाठ होता. लहानपणी इतक्यांदा ऐकलेला की वाक्यंच नव्हे, वाक्यांमधल्या जागाही पाठ होत्या. दीपगृहवाला जिना चढतो त्या वाक्यात स्विचबोर्ड दर तीन शब्दांनी किंचित थांबायची, आणि समुद्र दिसतो त्या शब्दाआधी लांब थांबायची. आतली बाई तिथेच थांबत होती. कानसेनचे ओठ तिच्यासोबत हलत होते आणि तिच्यासोबत थांबत होते. कुठेही चुकत नव्हते.

त्याने यंत्र कानावरून काढलं.

"आवाज सगळा गेलाय," तो म्हणाला. "पण थांबणं तेच आहे. थांबणं कुणाला चोरता येत नाही."

मग त्याने 'अगम्य'चं एक मुद्रण मागवलं, थोडं ऐकलं, आणि 'पुरे' म्हणून हात वर केला. तेही तिचंच होतं. इतकी वर्षं चारही जणी त्याच्या कानाखालून गेल्या होत्या. त्याने कधी चौघींना एकत्र ऐकलंच नव्हतं, कारण चौघी वेगळ्या आहेत असं आमच्या यंत्राने त्याला सांगितलं होतं आणि त्याने ते मानलं होतं.

बाई बाहेर आल्या. कानसेन उभा राहिला. मी आयुष्यात पुष्कळ माणसांना कुणाच्या पाया पडताना पाहिलंय. तो पाया पडला नाही. नुसता ताठ उभा राहिला, शाळेत बाई वर्गात आल्यावर मुलं राहतात तसा.

"मी तुम्हाला नापास केलं होतं," तो म्हणाला.

"बरोबर केलं होतं," बाई म्हणाल्या. "पहिलं वाचन वाईटच होतं. मी स्वतः ऐकलं ना."

"तुम्ही वारलात असं मला सांगितलं होतं लहानपणी."

"हॉटेल बंद झालं होतं फक्त."

त्यावर तो हसला आणि बाईही हसल्या. मग त्याने इतकी वर्षं पोटात ठेवलेला प्रश्न विचारला. "त्या पुस्तकात दिवा विझतो, वादळ असतं, जहाज खडकावर येत असतं. आणि पुढच्याच वाक्यात जहाज बंदरात उभं. मध्ये काय झालं? मी कितीतरी गोष्टी रचल्या होत्या. माझ्या गोष्टीत त्याने घरातलं सगळं लाकडी सामान जाळलं, शेवटी पलंगसुद्धा."

"तेच पान राहिलंय," बाई म्हणाल्या. "त्याला बायकोच्या शिवणाच्या डब्यात जास्तीची वात सापडते."

"एवढंच?"

"एवढंच. पण चांगलं लिहिलंय."

ते पान त्यांनी त्याच दुपारी वाचलं. कानसेनने एकदा परत वाचायला लावलं, कारण पान उलटल्याचा आवाज आला होता. बाईंनी निमूटपणे परत वाचलं. जोडारीने ते मुद्रण जुन्या प्रकरणात नेमक्या जागी बसवलं, आणि आम्ही चौघंपाचजण दिवे न लावता, पडदे अर्धे ओढून, ऐकायला बसलो.

तरुण आवाज सुरू झाला. स्वच्छ, उजळ, तळघरातल्या खोलीतून आलेला. वादळ आलं, दिवा विझला. आणि पुढचं वाक्य म्हाताऱ्या, घोगऱ्या आवाजात आलं, कुठेही न अडखळता, जणू ती एकच बाई घोटभर पाणी प्यायली आणि तेवढ्यात सगळं आयुष्य होऊन गेलं. शिवणाचा डबा उघडला, वात सापडली, काडी ओढली. पुढच्या वाक्याला जहाज बंदरात, आणि आवाज पुन्हा पंचविशीतला. बाईंची मुलगी आईकडे पाहत होती, आधी कधी पाहिलीच नव्हती अशा नजरेने. तो पहिला आवाज ती पाळण्यात असतानाचा होता.

त्यानंतर जोडारीने नवं पान बांधलं. आता एका माणसाचे कितीही पत्ते त्याच्या एकाच खात्यात राहतात, त्यातला मुख्य कोणता ते तो ठरवतो, आणि प्रत्येक पत्त्यासमोर तो कुणाला दिसावा ते निवडतो: कुणालाच नाही, फक्त संस्थेला, किंवा श्रोत्यांनाही. काहीच निवडलं नाही तर कुणालाच नाही. वाचकाचं नाव पत्त्यापासून तोडलं. पत्ता न दाखवता श्रोत्याचं पत्र वाचकापर्यंत पोचवणारी एक पेटीही त्याने ठेवली. काम साधं होतं, तो म्हणाला, पण त्याआधी त्याला कधी इतक्यांदा तपासून पाहताना मी पाहिलं नाही.

बाईंना शेजारी बसवून आम्ही त्यांची निवड करून घेतली. स्विचबोर्ड आणि अगम्य, ते मेलेले पत्ते, पुसून टाकले. चौथा मुख्य ठेवला आणि झाकला. 'आम्ही-दोघं'वर त्यांचं बोट थांबलं.

"हा श्रोत्यांना दिसू दे," त्या म्हणाल्या.

"आई, परत कुणी तसलं निघालं तर?" मुलीने विचारलं.

"निघेल. आता मी उत्तर देईन."

कानसेनला वाटत होतं की चारही नावं काढून एकच नाव लावावं, लोकांना कळू द्यावं. बाईंनी मानेनेच नकार दिला. "आतून एक झाले, तेवढं पुरे. बाहेर चौघी राहू द्या. कुणाला एक आवडते, कुणाला दुसरी. लोकांनी इतकी वर्षं मनात ठेवलेल्या तिघींना मी आता कशाला मारू?"

म्हणून आजही आमच्या संकेतस्थळावर त्या चार वेगवेगळ्या वाचक आहेत. ज्याला माहीत आहे त्यालाच माहीत आहे. बाई रोज सकाळी 'आम्ही-दोघं' उघडतात आणि साचलेल्या पत्रांतली थोडी थोडी निकालात काढतात. टाइप करायचा त्यांना कंटाळा, त्या उत्तरं बोलूनच पाठवतात. काकांची चौकशी करणाऱ्या प्रत्येकाला त्यांनी स्वतः कळवलं, आणि ते काम त्यांना फार जड गेलं, असं मुलगी म्हणाली.

मागच्या आठवड्यात नव्या पेटीतून ऐकणाऱ्या एकीचं पत्र आलं. दीपगृहाचं पुस्तक तिने लहानपणी ऐकलं होतं, आता मुलाला ऐकवत होती. तिने विचारलं होतं, "मध्ये एक पान नवीन वाटलं. त्या वाचणाऱ्या ताईंच्या आई येऊन वाचून गेल्या का?"

मी ते बाईंकडे पाठवलं. त्यांच्या उत्तराची एक प्रत मदतीच्या टपालात आली, म्हणून मला ऐकायला मिळाली. घोगरा आवाज, एकेक शब्द सुटा.

"नाही हो. मीच. जरा उशीर झाला."